‘कट्’ आवाज म्हणजे मणका बसला असं नव्हे
एका लेखात म्हटलंय की कायरोप्रॅक्टरने (हातांनी मान-पाठीच्या सांध्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याने) मान फिरवल्यावर येणारा ‘कट्’ आवाज म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसल्याची खूण. हे चूक आहे. मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब उतरतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटं मोडताना होतं तेच. म्हणूनच तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात. आराम मिळतो तो बहुधा स्नायू तात्पुरते सैलावल्याने. आवाज आलाच नाही तरी उपचार वाया गेला असं नाही, आणि झटका न देता सावकाश हालचाल देऊनही बऱ्याच जणांना तेवढाच फरक पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र लेखातून सुटलंय. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. झटक्यानंतर त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात होण्याचे प्रकार क्वचित, पण नोंदलेले आहेत. अचानक उठलेली, पूर्वी कधीच न झालेली मानदुखी, सोबत चक्कर, दुहेरी दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल, तर मान कुणाच्याही हाती न देता थेट रुग्णालय गाठा. हातातून वस्तू निसटणं, चालताना तोल जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातही तेच. संधिवात (आमवात) किंवा ठिसूळ हाडं असतील तर झटका नकोच.