‘सोडायला कोण येणार?’ : सायकलवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

३ जूनला जागतिक सायकल दिन झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या, अशा माझ्या तिन्ही ग्रुपवर एकच मजकूर येऊन पडला. वर मथळा, ‘सायकलने स्त्रीमुक्ती? डोळे उघडा!’ खाली सहा मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. सार असं: सायकलने बायका मुक्त झाल्या ही पाश्चात्त्यांची भाकडकथा आहे, ते श्रीमंत गोऱ्या बायकांचं फॅड होतं, मुलींच्या शरीराला आणि आपल्या पेहरावाला सायकल मानवत नाही, सरकार मुलींना सायकली वाटतं ते मतांसाठी, चालवतात त्यांचे भाऊ, आता स्कूटी असताना सायकलचं कौतुक कशाला, आणि रस्त्यात काही झालं तर जबाबदार कोण?

एका वहिनींनी अंगठा दिला, एका काकांनी ‘अगदी खरं’ लिहिलं. मी गप्प बसले, कारण ग्रुपवर भांडून कुणाचं मत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही. पण त्यातला एक मुद्दा खरोखर विचार करण्यासारखा आहे, दोन-तीन अर्धे खरे आहेत आणि एक निव्वळ घाण आहे. सगळ्यांना एकच उत्तर देऊन भागणार नाही.

हुशार मुद्दा आधी घेते. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य घालवलेल्या सुसान बी. अँथनी यांनी १८९६ मध्ये नेली ब्लाय या पत्रकार बाईंना मुलाखत दिली. स्त्रियांना मुक्त करायला सायकलने जगातल्या इतर कशाहीपेक्षा जास्त हातभार लावला आहे, असं त्या त्यात म्हणाल्या. सायकल दिनाला हे वाक्य फुलाच्या चित्रावर छापून फिरतंच. फॉरवर्ड विचारतो, मग मताचा हक्क घटनेत यायला १९२० का उजाडलं? बाई तर १९०६ मध्येच गेल्या.

प्रश्न रास्त आहे. सायकलने मत दिलं नाही, मालमत्ता दिली नाही, पदवीही दिली नाही. ते सगळं बायकांनी सभा घेऊन, अर्ज करून, तुरुंगात जाऊन मिळवलं. ते श्रेय एका यंत्राला देणं मलाही पटत नाही. पण अँथनीबाई त्याच मुलाखतीत पुढे काय म्हणतात ते फॉरवर्डवाल्याने वाचलेलं दिसत नाही. सायकलवर बसलेल्या बाईला जी मोकळीक वाटते, स्वतःवर जो भरवसा येतो, त्याबद्दल त्या बोलत होत्या. १८८५ ची दोन जवळपास सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आणि १८८८ चा डनलॉपचा हवा भरलेला टायर येण्याआधी पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असे. घोळदार झग्यात त्यावर चढणार कशी? त्यामुळे बाईला लांब जायचं तर गाडी हवी, घोडा हवा आणि बहुतेक वेळा हाकणारा पुरुष हवा. सायकलने हा शेवटचा माणूस काढून टाकला. काम एवढंच केलं, पण ते लहान नव्हतं.

आणि ते विरोधकांना चांगलं कळलं होतं. मे १८९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात बायकांना पूर्ण पदवी द्यावी का यावर मतदान झालं. सिनेट हाउससमोर जमलेल्या विद्यार्थ्यांनी एक पुतळा वर टांगला होता. कसला? सायकलवर बसलेल्या बाईचा. ठराव फेटाळला गेला: विरोधात १,७०० हून जास्त मतं पडली, बाजूने साडेसहाशेच्या आसपास. मग त्या पोरांनी पुतळा फाडला आणि त्याचे तुकडे बायकांच्या न्यूनहॅम कॉलेजच्या फाटकात नेऊन कोंबले. केंब्रिजने पदवी दिली ती १९४८ मध्ये. (आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात १८८६ लाच डॉक्टर झाल्या होत्या. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये उतरल्या, पण पदवी हातात पडायला तीस वर्षं गेली.) पदवी नाकारायची होती, तर हातात पुस्तक दिलेला पुतळाही चालला असता. त्यांना सायकल का सुचली असेल?

आता ‘श्रीमंत गोऱ्या बायकांचं फॅड’. सुरुवातीला होतंच. चांगली सायकल तेव्हा शंभर डॉलरच्या घरात जायची, मजुराला ती परवडणं शक्य नव्हतं. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने १८९४ मध्ये फक्त गोऱ्यांनाच सभासद करायचं असा नियम केला. तरीही १८९५ मध्ये बॉस्टनची किटी नॉक्स नावाची कृष्णवर्णीय शिवणकाम करणारी मुलगी आपलं सभासद कार्ड घेऊन त्यांच्या मेळाव्यात उभी राहिलीच. ‘ॲनी लंडनडेरी’ नावाने १८९४-९५ मध्ये जगप्रवासाला निघालेली बाई लॅटव्हियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांपैकी, तीन मुलांची आई. लंडनडेरी हे नाव बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीचं. जाहिरातीसाठी तिने ते शंभर डॉलर घेऊन लावलं होतं. फॅड असेलही, पण ते दिवाणखान्यात राहिलं नाही.

खरं उत्तर मात्र अमेरिकेत नाही, तमिळनाडूत आहे. पुदुकोट्टई हा तेव्हाचा कोरडा, मागास जिल्हा. १९९१ मध्ये तिथे ‘अरिवोळी इयक्कम’ म्हणजे ज्ञानप्रकाश चळवळ या नावाने साक्षरता मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. बायकांना अक्षरं शिकवायची तर कार्यकर्तीला गावोगाव पोचायला हवं, शिकणारीला वर्गाला यायला हवं, आणि दोघींचं घोडं अडायचं वाहनापाशी. म्हणून सायकल शिकवणं हा साक्षरतेचाच भाग केला गेला. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीताई, नर्स, शिक्षिका, सगळ्या मैदानात उतरल्या. सायकलीसाठी कर्जाची सोय झाली. वर्षा-दीड वर्षात ७० हजारांहून जास्त बायकांनी जाहीर प्रात्यक्षिकांत आणि स्पर्धांत सायकल चालवून दाखवली.

यातला मला सगळ्यात आवडलेला तपशील असा: लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी सरळ पुरुषी सायकली घेतल्या, आणि मग त्याच बऱ्या म्हणू लागल्या. का, तर पुढे दांडी असते, तिच्यावर पोर बसवता येतं. पाणी आणायचं, माल बाजारात न्यायचा, मूल सोबत ठेवायचं आणि बसची वाट पाहायची नाही. ज्या बसच्या वेळेवर त्यांचा दिवस ठरायचा ती आता कधीही आली तरी चालणार होतं. टोमणे त्यांनाही ऐकावे लागले, अचकटविचकट बोलणं झालं. त्या थांबल्या नाहीत. फॅडसाठी कुणी डोक्यावरचा हंडा कॅरिअरवर बांधत नाही.

इथे माझ्या आईची गोष्ट सांगते. ती खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होती. बदलीची ऑर्डर आली की घरात पहिला प्रश्न असायचा, तिथे एस.टी. किती वाजता आहे? संध्याकाळची गाडी चुकली की ती फाट्यावर बसून राहायची आणि बाबा सायकलवरून तिला आणायला जायचे. म्हणजे सायकल घरात होती. ती चालवू नकोस असं आईला कुणीच कधी म्हणालं नव्हतं. शीक, असंही कुणी म्हणालं नव्हतं. चाळीस वर्षं तिने ‘मला सोडता का?’ आणि ‘आणायला याल ना?’ ही दोन वाक्यं रोज वापरली. बाबा कधी कंटाळले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण विचारावं लागायचंच.

शरीराचा मुद्दा म्हणजे ती घाण. सायकलने ‘कौमार्य’ जातं, गर्भाशय सरकतं, पुढे मूल होत नाही, असं फॉरवर्डमध्ये ‘डॉक्टर सांगतात’ म्हणून लिहिलं आहे. कुठले डॉक्टर ते नाही. गर्भाशय ओटीपोटात स्नायूंनी आणि अस्थिबंधांनी धरलेलं असतं, सायकलच्या सीटने ते जागचं हलत नाही. योनिपटल जन्मतःच प्रत्येकीचं वेगळं असतं आणि त्यावरून कुणाचंही काहीही ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला कसलाही शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराच्या तपासातली ‘टू फिंगर’ चाचणीही निषिद्ध ठरवली. महाराष्ट्रात कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी लग्नाच्या रात्रीच्या चाचणीविरुद्ध जातपंचायतीशी उघड झगडा घेतला आहे. त्याच महाराष्ट्रात शिकलेली माणसं हा मजकूर हात जोडून पुढे पाठवतात, याचा मला संताप येतो.

असली भीती नवी नाही. १८९० च्या दशकात तिकडे ‘सायकल-चेहरा’ नावाचा आजार निघाला होता: तोल सांभाळून सांभाळून बाईचा चेहरा कायमचा ताणलेला, डोळे बाहेर आलेले होतो म्हणे. शिकागोच्या डॉ. सारा हॅकेट स्टीव्हन्सन यांनी १८९७ मध्ये त्याची हवा काढली. तसा चेहरा फक्त शिकाऊ माणसाचा होतो, सराव झाला की जातो, असं त्यांनी सांगितलं. आम्ही शिकताना सगळ्यांचाच तसा होता.

एक मान्य करते: सीट चुकीचं असेल तर दुखतं, खूप दुखतं. बायकांची बैठकीची हाडं साधारणपणे जास्त अंतरावर असतात, आणि निमुळतं सीट त्यांना टोचतं. उपाय सीट बदलणं, त्याचं टोक किंचित खाली करणं. मुलीला घरी बसवणं नव्हे.

पेहरावावर फार वेळ घालवत नाही. १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये लेडी हार्बरटन सैल विजारीत सायकलवरून एका हॉटेलात गेल्या, तर त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही. खटला झाला आणि हॉटेलवाली सुटली. म्हणजे ‘आपली संस्कृती’ हे कारण तिकडेही होतं. आणि आपल्या संस्कृतीत नऊवारीचा काष्टा आहे. शेतात वाकायला, झाडावर चढायला, घोड्यावर बसायला जे नेसणं चाललं, ते सायकलवर अडेल कसं? अडते ती पाचवारी. तिच्यासाठी मागच्या चाकाला जाळी मिळते.

आता फुकटच्या सायकली. मतांसाठी वाटतात? वाटत असतील. रस्तेही मतांसाठीच होतात, म्हणून कुणी चालायचं सोडत नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलीला सायकलीसाठी दोन हजार रुपये मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा हिशेब मांडला. नुसत्या बिहारच्या मुली मोजून भागणार नव्हतं, कारण तेव्हा तिथे रस्ते, शाळा सगळंच सुधारत होतं. म्हणून त्यांनी मुलींची तुलना तिथल्याच मुलांशी केली, आणि तो फरक शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिला. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, मुला-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीही वाढल्या, पास होणाऱ्याही. आणि ही वाढ मुख्यतः कुठे, तर माध्यमिक शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. फरक सायकलीनेच पडला हे या एका गोष्टीवरून कळतं. नुसत्या पैशाच्या लोभाने नाव घातलं असतं, तर शाळेशेजारच्या मुलींचीही संख्या तेवढीच वाढली असती.

आपल्याकडे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना हे अनुदान मिळतं, २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. भाऊ चालवतो का? चालवतो. संध्याकाळी दळण आणायला, रविवारी क्रिकेटला. सकाळी साडेदहाला ती शाळेत उभी असली म्हणजे झालं.

स्कूटीबद्दल माझं काही भांडण नाही, मी स्वतः वापरते. पण आठवीतल्या मुलीला लायसन्स कोण देणार? २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय पेट्रोलचे पैसे महिन्याला कुणाकडे तरी मागावे लागतात. सायकलला हवा लागते.

उरला रस्ता. इथे फॉरवर्ड अर्धा खरा आहे. सायकलस्वाराला आपल्या रस्त्यावर कुणी मोजत नाही. पुण्यात महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, आणि आज सायकल ट्रॅकवर चारचाकी उभी नसलेली जागा सापडली तर मी फोटो काढते. छेडछाडही होते. पण ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न फाट्यावर अंधारात एस.टी.ची वाट पाहणाऱ्या मुलीबद्दल कुणी विचारत नाही, रोज अनोळखी रिक्षात बसणाऱ्या मुलीबद्दल विचारत नाही. ती स्वतः हँडल धरते तेव्हाच तो निघतो. चार-पाच जणींनी मिळून जावं, दिवा आणि मागचा लाल रिफ्लेक्टर असावा, ट्रकच्या डाव्या कुशीत कधी घुसू नये. याहून जास्त हवं असेल तर नगरसेवकाला धरा, मुलीला नव्हे.

‘आता या वयात कुठे’ हा मुद्दा फॉरवर्डमध्ये नव्हता, तो अंगठा देणाऱ्या वहिनींनी मला नंतर जिन्यात हळूच सांगितला. अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या फ्रान्सिस विलर्ड ५३ व्या वर्षी शिकल्या, सायकलचं नाव त्यांनी ग्लॅडिस ठेवलं होतं. वहिनी ४७ च्या आहेत. मागून सीट धरून पळणारा माणूस लागत नाही. दोन्ही पॅडल काढायची, दोन्ही पाय सपाट टेकतील इतकं सीट खाली घ्यायचं, आणि किंचित उताराच्या मैदानात पायाने ढकलत जायचं. तोल आला की पॅडल परत लावायची. शनिवारी सकाळी साडेसहाला, शाळेच्या मैदानावर. पंधरा नंबरचा पाना मी आणते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, मागच्या वेळी तिथेच आमचा अर्धा तास गेला होता.