36 किलोंचा पैलवान आणि त्याचं एवढंसं पोट

सलग तीन आठवडे आमच्या पैलवानाची शी पातळ होत होती. सुरुवातच अशी केली म्हणून माफ करा, पण ज्यांच्या घरात कुत्रा आहे त्यांच्याकडे फिरवून आणल्यावर पहिला प्रश्न हाच असतो, "कशी झाली?"

पैलवान जर्मन शेफर्ड, चार वर्षांचा. जंतांचं औषध झालं, दहीभात झाला. मी दहा दिवसांत दोनदा डॉग फूड बदललं. हा माझा गाढवपणा, कारण नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदलायचं असतं, एका रात्रीत नाही. शेफर्डमध्ये स्वादुपिंडाचा एक आजार आढळतो. पाचक रस पुरेसे तयार होत नाहीत, कुत्रा बकाबका खातो आणि तरी खंगत जातो. रक्त तपासून तीही शंका फेडून घेतली. रिपोर्ट नॉर्मल.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात खातो काय? मी ऐटीत सांगितलं, "दोन वेळा, मोजून." ते नुसते हसले. म्हणाले, घरातल्या सगळ्यांना विचारा आणि लिहून आणा.

फ्रिजवर कागद लावला. पहिल्या दिवसाची यादी अशी: बाबांच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं. आईची सकाळची पहिली पोळी, तूप लावून, कारण पहिली पोळी गायीची आणि गाय काही आमच्या तिसऱ्या मजल्यावर येत नाही. लेकीच्या डब्यात उरलेला पनीर पराठा. कामाला येणाऱ्या मावशींनी प्रेमाने घातलेली वाटीभर साय. जिन्यात भेटणाऱ्या काकांचं फरसाण. आणि रात्री, मी स्वतः, पांढऱ्या रश्श्याचं पातेलं चाटायला दिलेलं. यातल्या प्रत्येकाची खात्री होती की आपण एकटेच देतोय आणि तेही जरासंच.

कुत्रा मोठा म्हणजे पोटही मोठं, हा आपला हिशेब. तो चुकतो. पाच किलोंच्या कुत्र्यात पचनसंस्थेचं वजन शरीराच्या साधारण 7 टक्के भरतं, 60 किलोंच्या कुत्र्यात 3 टक्क्यांच्याही खाली. म्हणजे अंगाच्या मानाने आतडं छोटंच. जे खाऊन शेजारचा पॉमेरेनियन मजेत असतो, तेच खाऊन ग्रेट डेनला जुलाब होऊ शकतात. त्यात दूध-साय. वयात आलेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचतच नाही. आणि रश्श्यातला कांदा-लसूण तर विषच, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवलेलं हाड आतड्यात रुतलं की थेट ऑपरेशन. कोल्हापुरात राहून हे लिहिणं म्हणजे काय धाडस आहे ते मला ठाऊक आहे!

यावर हमखास येणारं उत्तर: "आमच्या गावची कुत्री चतकोर भाकरी अन् ताकावर ठणठणीत असायची." असायची की. पण ती पंधरा-वीस किलोंची, दिवसभर रानात भटकणारी. आणि जी ठणठणीत नव्हती ती पोटाने गेली की विषबाधेने, हे कोण बघायला गेलं होतं?

भाकरीवर मात्र माझा राग नाही. "कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला कच्चं मटणच द्या" म्हणणारी मंडळी हल्ली फार झाली आहेत. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याची ती खूण. तेव्हा भात, नाचणी, भाकरी चालते, लाल भोपळाही उकडून घालावा. फक्त ते जेवणाच्या मापात धरायचं, वरून नाही. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगलं पिल्लांचं फूड चालू असताना वर कॅल्शियमचं टॉनिक घालू नका. जादा कॅल्शियम त्या वयात त्यांचं शरीर बाहेर ठेवू शकत नाही, हाडंच वेडीवाकडी होतात.

लॅबवाल्यांनो, तुमचा गडी सतत उपाशी असल्यासारखा बघतो ना? केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये सापडलं की सुमारे चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकात दोष असतो. त्या डोळ्यांत बघू नका.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती आता. माझ्या मैत्रिणीचा ग्रेट डेन. घरात सगळे नोकरीवाले, म्हणून एकदाच, रात्री, भलं मोठं भांडं भरून. तो दोन मिनिटांत फस्त करायचा आणि आम्ही कौतुकाने बघायचो. एका रात्री तो अस्वस्थ येरझाऱ्या घालू लागला. ओकारी काढायचा, पण फेसाशिवाय काही पडेना. लाळ गळत होती, पोट ढोलासारखं टणक. तिला वाटलं गॅस झालाय, ओवा दिला. जठर फुगून स्वतःभोवती पीळ खातं, रक्तपुरवठा तुटतो, आणि मग हातात काही तासच असतात, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी दवाखाना उघडेपर्यंत तो गेला होता.

खोल छातीच्या मोठ्या जातींत हा धोका असतो: डेन, शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड. दिवसातून एकदाच भरपूर खाणं आणि भराभर खाणं यांनी तो वाढतो. भांडं उंच स्टँडवर ठेवा असं सर्रास सांगतात, पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात मोठ्या कुत्र्यांमध्ये त्याने धोका उलट वाढलेला दिसला. आमचं स्टँड माळ्यावर गेलं. पैलवान आता दोनदा जेवतो, खाचाखाचांच्या भांड्यात, म्हणजे त्याला गिळायला वेळ लागतो. जेवणानंतर तासभर खेळ बंद. बाबांनी बिस्किटांऐवजी काकडीच्या चकत्या सुरू केल्यात, आई पहिली पोळी कावळ्याला घालते. शी आठवड्याभरात बांधून झाली.

नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधता येतं, मग त्याला पीळ पडण्याची भीती जवळजवळ उरत नाही. आमचं ते राहून गेलं, आता त्यासाठी वेगळी भूल द्यायची की नाही यावर घरात वाद चालू आहे.

पण रात्री दोनला पोट फुगलं तर कुठे जायचं, हे मला आजच ठरवून ठेवायचंय. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, जिथे रात्री फोन उचलतात आणि 36 किलोंच्या कुत्र्याचं पोट उघडायची ज्यांची तयारी आहे, असा दवाखाना माहीत असेल तर खाली लिहा. ऐकीव नको, स्वतः जाऊन आलेला असेल तरच.