कॉसमॉस उपटतो म्हणून आम्ही हिरवळीचे वैरी?

तो फॉरवर्ड कालपासून तिसऱ्यांदा आला, आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. टेकड्यांवर रान माजवणाऱ्या कॉसमॉस या परदेशी रोपाच्या पिवळ्याधमक फुलांचा फोटो आणि खाली मजकूर, की पुण्याच्या टेकड्यांवर स्वयंसेवक म्हणवणारे लोक झाडं तोडतायत, फुलं उपटतायत, मधमाश्या उपाशी मरणार, परदेशी नको तर मिरचीपण सोडा, आणि एवढं करून पुढच्या वर्षी परत उगवतंच. त्या उपटणाऱ्यांतला मी एक.

झाडं तोडतायत हे साफ खोटं. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याने परवानगी लागते, आमच्याकडे कुदळ, हातमोजे आणि चहाचा थर्मास. ग्लिरिसिडिया या परदेशी झाडालासुद्धा हात लावत नाही (मनात खूप आहे).

मधमाश्या येतात, घाणेरीवर (लँटाना, तेही परदेशी झुडूप) फुलपाखरंही येतात, कोण नाही म्हणतंय? पण फुलपाखरू मध कुठलाही पिईल, अळीचे मात्र नखरे असतात, प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळीला रुईसारखीच झाडं लागतात, कॉसमॉस तिच्या काय कामाचा. गेल्या ऑगस्टमध्ये पाऊस पडून गेल्यावर एक पट्टा काढला, मुठीत धरून ओढलं की मुळासकट हातात, आणि खाली बघतो तर इथल्याच पवन्या गवताच्या दोऱ्याएवढ्या पिवळ्या पडलेल्या काड्या आणि उजेड शोधत वाकडी झालेली तेरड्याची दोन रोपं. मुरमावर वीतभर माती, त्यात वर हे कमरेएवढं रान, बाकीच्यांनी जायचं कुठे?

मिरचीचं म्हणाल तर तीही मेक्सिकोकडची आणि कॉसमॉसही तिकडचाच, मान्य. पण मिरचीचं बी पँटला चिकटून टेकडी चढत नाही हो. नोव्हेंबरात फिरून आलात की मोजे बघा. आणि गाजरगवत विसरलात का, 1955 च्या सुमारास आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं, आता देशभर आहे.

परत उगवतं हे मात्र खरं. बी मातीत पडलेलं असतं, म्हणून फुलं बी धरायच्या आत उपटायचं आणि दरवर्षी त्याच पट्ट्यात यायचं. घाणेरीत तर आम्हीच माती खाल्ली, पहिल्या वर्षी कोयत्याने वरून छाटली, फोटोबिटो काढले, दोन महिन्यांत चौपट फुटवे. आता मुळाशी खणतो, एकेका झुडपाला अर्धा तास जातो, आणि आधी बुलबुलाचं घरटं आहे का बघतो, असलं तर ते झुडूप तसंच ठेवतो.

रविवारी साडेसहाला आहोतच, हातमोज्यांचे दोन जोड जास्तीचे आहेत.