उशीर झाला म्हणून माणसं वाढवू नका

परवा रात्री धाकट्या भावाचा फोन आला. गावात त्याचं दूध संकलन केंद्र आहे, ४०० च्या आसपास शेतकरी दूध घालतात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पावती, १० दिवसांचं बिल हे सगळं मोबाइलवर यावं म्हणून त्याने कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीला ॲपचं काम दिलंय. ते दीड महिना लांबलंय. "ताई, मी त्यांना बजावलं, अजून चार पोरं लावा, वरचे पैसे मी देतो. तू तो मेसेज वाचला नाहीस का?"

वाचला होता. घरच्या, शाळेच्या, सोसायटीच्या, सगळ्या ग्रुपवर तो फिरतोय: 'सॉफ्टवेअर प्रोजेक्ट वेळेत संपवण्याचे पाच नियम'. गरजा एकदाच लिहून सही घ्या, नंतर एकही बदल नको. उशीर झाला तर माणसं दुप्पट करा. टेस्टिंग शेवटच्या आठवड्यात उरका. कोड ९० टक्के झाला की काळजी मिटली. ॲप लाइव्ह झालं की प्रोजेक्ट संपला. १८ वर्षं पुण्यात मी हेच काम करते. आजवर असले मेसेज सोडून देत आले. आता माझ्या भावाचे पैसे त्यापायी चाललेत, म्हणून लिहिते.

आधी दुसरा नियम, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

ऊसतोडीला एक टोळी लावली आणि फड ८ दिवसांत संपणार असेल, तर दोन टोळ्यांनी तो ४ दिवसांत संपतो. प्रत्येकाची सरी वेगळी, कुणाला कुणाला काही विचारावं लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाची सरी दुसऱ्याच्या सरीत घुसलेली असते. फ्रेड ब्रुक्स यांनी १९६० च्या दशकात आयबीएम या संगणक कंपनीत ओएस/३६० या प्रचंड संगणक प्रणालीचं काम सांभाळलं. ते लांबलं आणि खर्चही वाढला. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यात स्वच्छ सांगितलं: आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. आम्ही त्याला ब्रुक्सचा नियम म्हणतो. पन्नास वर्षं झाली त्याला, तरी हा मेसेज आजही उलटं शिकवतोय.

हिशेब साधा आहे. त्या कंपनीत भावाच्या कामावर तिघं होते. तिघांत बोलण्याच्या जोड्या होतात ३. चार जण वाढले, सात झाले, की जोड्या होतात २१. शिवाय नव्या माणसाला काम शिकवायचं कुणी? ज्याला ते येतं त्यानेच, म्हणजे ज्याच्या हातचं काम आधीच अडलंय त्यानेच.

तसंच झालं. बिलाचा भाग एक मुलगी एकटी लिहीत होती. उचल कशी कापायची, पेंडीच्या पोत्याचे पैसे किती हप्त्यांत वळते करायचे, हे फक्त तिला माहीत. नवी पोरं आली त्या मंगळवारपासून शनिवारपर्यंत ती फक्त समजावून सांगत होती. पाच दिवसांत तिच्या हातून बिलाची एक ओळ पुढे सरकली नाही. वर एका नव्या पोराने पेंडीची कपात आपल्याही भागात लिहून ठेवली, आणि चाचणीच्या बिलात एकाच शेतकऱ्याचे पैसे दोनदा कापले गेले. त्या पोराचा दोष नाही. त्याने गावातलं दुधाचं बिल जन्मात पाहिलं नव्हतं.

ब्रुक्स स्वतःच कबूल करतात की हा नियम त्यांनी फार ठोकळ करून मांडलाय. सुरुवातीला, कामाचे तुकडे खरंच वेगळे पाडता येत असतील, तेव्हा माणसं वाढवून फायदा होतो. दीड महिना उशीर झाल्यावर नाही.

टेस्टिंगचं उत्तरही ब्रुक्सकडेच आहे. त्यांची वाटणी अशी: एक तृतीयांश वेळ आखणीला, एक षष्ठांश कोड लिहायला, आणि उरलेला अर्धा चाचणीला. अर्धा! मेसेज त्याला शेवटचा आठवडा देतोय. ९० टक्क्यांची गोष्टही इथेच निकालात निघते. कोड लिहून झाला तरी अर्धं काम पुढेच असतं.

पहिल्या नियमात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. गरजा लिहून घ्यायलाच हव्यात. भावाने निम्म्या गोष्टी फोनवर सांगितल्या, ही चूक त्याचीच. पण 'एकही बदल नको' कसं चालेल? ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरलेला दर उद्या बदलला, तर दरपत्रक बदलावंच लागणार. बदल आला की तो लिहायचा, त्याने किती दिवस आणि किती पैसे वाढतात ते सांगायचं, मग होकार घ्यायचा.

आणि लाइव्ह झालं की संपलं? १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने नवा कोड चालू केला. आठ सर्व्हरपैकी एकावर तो चढवायचा राहिला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले. लाइव्हचा दिवस हा डोळ्यांत तेल घालून बसायचा दिवस असतो.

भावाला मी सांगितलंय, चारही पोरं परत पाठव. त्या मुलीला आठ दिवस कुणी फोन करायचा नाही, तूसुद्धा नाही. १ तारखेला फक्त सकाळचं संकलन आणि पावती चालू कर, संध्याकाळचं नंतर बघू. वही बंद करू नकोस. पहिलं १० दिवसांचं बिल वहीतूनही काढ, ॲपमधूनही काढ, आणि ४०० च्या ४०० नावांचा रुपया-पैशाने मेळ बसल्याशिवाय कुणाच्या खात्यात पैसे सोडू नकोस.