उणे २४ मध्ये कुलपात खोबरेल तेल घाला म्हणे!

परवा सकाळी पावणेसातला भाच्याचा फोन. मावशी, शेडचं कुलूप उघडत नाहीये आणि बोटं बधिर झालीयेत. तो ऑगस्टमध्ये इथे कॅनडात कॅलगरीला शिकायला आलाय, एका घराचं बेसमेंट भाड्याने घेतलंय, रात्री बर्फ पडला की सकाळी फुटपाथ साफ करायचं काम त्याच्याकडे, आणि फावडं बॅकयार्डातल्या शेडमध्ये, शेडला कुलूप. बाहेर उणे २४. मी गाडी काढून गेले तर कुलपाभोवती काचेसारखा बर्फाचा गोळा झालेला, चावी आत अर्धी अडकलेली, आणि पोरगा ओला हातमोजा घालून तिथेच उभा. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडलेली.

त्याने काय केलं होतं तर आईने पाठवलेला मेसेज वाचून इलेक्ट्रिक किटलीतलं उकळतं पाणी कुलपावर ओतलं होतं. अर्धं कुलपावर, अर्धं हातमोज्यावर.

तो मेसेज आमच्या नाशिकच्या घरच्या ग्रुपवर तीन वेळा येऊन गेलाय, माझ्या इथल्या मराठी मैत्रिणींच्या ग्रुपवरही आलाय. थंड देशात राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी घरगुती उपाय, जास्तीत जास्त शेअर करा, लडाखमधले आपले जवान हेच करतात, वगैरे. जवानांचं नाव घातलं की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणूनच ते घातलंय. कोणता जवान, कुठे, कधी, एक अक्षर नाही. ताईचा यात काही दोष नाही, लेकरू लांब आहे, काळजीपोटी पाठवलं तिने. माझा राग हे लिहिणाऱ्यावर आहे. त्याने गोठलेलं कुलूप जन्मात हातात धरलेलं नाही.

सुरुवातच चुकीची आहे. म्हणे थंडीने लोखंड आकसतं म्हणून कुलूप अडकतं. आकसतं, खरंय, पण किती? ३ सेंटीमीटरचा स्टीलचा तुकडा २० अंशांवरून उणे २४ वर नेला तर साधारण ०.०१६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या पावपट, आणि बाहेरची बॉडी नि आतले भाग सगळेच एकदम आकसतात. कुलूप अडकतं ते आत शिरलेल्या पाण्याने. नुसती कोरडी थंडी असेल तर उणे ३० लाही चांगलं कुलूप उघडतं, मी रोज उघडते. इथे कॅलगरीत खरा घोळ करतो तो चिनूक. रॉकीज पर्वतांवरून उतरणारा हा गरम वारा काही तासांत तापमान २० अंशांनी वर नेतो, शेडच्या छपरावरचा बर्फ वितळून थेंब थेंब कुलपावर पडतो, दांडी जिथे आत जाते त्या भोकांतून पाणी खाली उतरतं, आणि वारा थांबला की रात्रीत सगळं परत गोठतं. परवा नेमकं हेच झालं होतं, आदल्या दिवशी आम्ही स्वेटरवर फिरत होतो.

आता ते उकळतं पाणी. ज्या कुलपाचा त्रासच पाण्यामुळे आहे त्यात अजून पाणी ओतायचं? उघडतं कधीकधी, तेही खोटं नाही, पाणी ओतल्या ओतल्या चावी फिरवलीत तर. पण मुठीएवढं गारठलेलं लोखंड ती उष्णता बघता बघता खाऊन टाकतं, बहुतेक पाणी खाली वाहून जातं, आणि जे थोडंसं कुलपाच्या आत, चावीने हलणाऱ्या पिनांमध्ये नि बारीक स्प्रिंगांमध्ये राहतं ते गोठतं. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, आणि त्या एवढ्याशा जागेत ते फुगणार कुठे? पहिल्यांदा जमलं तरी संध्याकाळी आधीपेक्षा घट्ट बसलेलं कुलूप मिळतं. आणि ओला हातमोजा! उणे २४ मध्ये ओला हातमोजा घालण्यापेक्षा उघडा हात खिशात घातलेला बरा. भाच्याची बोटं आम्ही कोमट पाण्यात धरली, गरम नाही, चोळायची तर अजिबात नाहीत, तासाभराने रंग आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. अजून थोडा वेळ तो तसाच चावीशी झटापट करत राहिला असता तर काय, हा विचार करवत नाही.

एक मात्र मान्य करते. गरम पाण्याचा उपयोग आहे, फक्त ते पिशवीत हवं. आपली ती शेकायची रबरी पिशवी, जी प्रत्येक आई बॅगेत कोंबून देतेच, ती भरून, बूच घट्ट लावून, बाहेरून पुसून कुलपाला पाच-दहा मिनिटं लपेटून धरा. उष्णता जाते, पाणी जात नाही. मेसेजमध्ये हा एक शब्द असता तर पोराच्या बोटांवर ही वेळ आली नसती.

पण ज्या उपायाने माझं डोकं खरंच फिरलं तो पुढचा. हिवाळा सुरू व्हायच्या आधी कुलपात खोबरेल तेल सोडा, मग कधीच गोठणार नाही. अहो, खोबरेल!! २४ अंशांच्या खाली थिजतं ते. अधिक २४, उणे नाही. नाशिकला डिसेंबरात आंघोळीच्या आधी आई बाटली गरम पाण्याच्या बादलीत धरायची, नाहीतर गच्चीवर उन्हात ठेवायची, आम्ही बाटलीत काडी घालून पांढरा गोळा उकरायचो, हे ज्याने बघितलं नाही असं एक मराठी घर दाखवा. जे तेल नाशिकच्या थंडीत बाटलीतून बाहेर येत नाही ते कॅलगरीत कुलपाच्या आत पातळ राहणार? आत मेण ओतल्यासारखं होतं ते. पिना ढिम्म हलत नाहीत, आणि बर्फ निदान वितळून तरी जातो, हे उन्हाळ्यातसुद्धा धूळ धरून चिकट होऊन बसतं. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी खरंच घातलं होतं, शेवटी कटरने कुलूप तोडावं लागलं. हा मेसेज लिहिणारा मराठीत लिहितो, म्हणजे थिजलेलं खोबरेल त्याच्या डोळ्यांसमोरून शंभर वेळा गेलेलं असणार, तरी लिहिताना एकदा थांबून विचार करावासा वाटला नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढे मीठ टाका म्हणे. मिठाचं पाणी कितीही घट्ट केलंत तरी उणे २१ च्या खाली तेही गोठतं, आणि एवढ्या थंडीत कोरडं मीठ बर्फावर नुसतं पडून राहतं. वर कुलूप गंजणार ते वेगळंच. सोडून द्या.

तोंड लावून वाफ द्या म्हणे. श्वासात पाणीच असतं, ते आत जाऊन गोठतं, आणि ओठ धातूला चिकटले तर कातडीसकट निघतात. लहान मुलं घरात असतील तर हे वाक्य त्यांच्यासमोर वाचूसुद्धा नका.

लायटरने चावी तापवणे हे अर्धं खरं आहे. साधी धातूची चावी, हातमोजा घालून, थोडीशी तापवून हळूहळू आत सरकवली तर बर्फ सुटतो, थोडं थोडं करत चार-पाच वेळा करावं लागतं. गाडीची चिपवाली चावी मात्र कधीच तापवायची नाही. पण त्याच ओळीत लिहिलंय की आधी सॅनिटायझर लावा आणि मग लायटर. सॅनिटायझर म्हणजे ६०-७० टक्के अल्कोहोल, पेट घेतं ते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही. हातमोज्याने पेट घेतला तर कळेपर्यंत उशीर होतो. सॅनिटायझर एकटं चालेल, चावीला चोपडून आत घाला, अडीनडीला. ज्वाला त्याच्या आसपासही नको.

डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दल लोक दोन्ही बाजूंनी भांडतात. त्याच्या नावाचा अर्थच मुळी पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली सॅन दिएगोत बनलं, अमेरिकेच्या ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. त्यामुळे ओलं कुलूप गोठायच्या आधी मारलंत तर आतलं पाणी बाहेर ढकलतं, एवढं श्रेय द्यायलाच हवं. पण आधीच जमलेला बर्फ वितळवायला ते नाही, आणि हिवाळाभर पुरेल असं वंगणही नाही.

मग करायचं काय? कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात लॉक डीआयसर, म्हणजे कुलपातला बर्फ वितळवायचं औषध, म्हणून छोटीशी बाटली मिळते, आत मुख्यतः अल्कोहोल, बहुतेक वेळा आयसोप्रोपिल, ते उणे ८९ पर्यंत गोठत नाही. नळी चावीच्या भोकात घालून दाबा, दांडीच्या दोन्ही भोकांतही सोडा, मिनिटभर थांबा, चावी हलक्या हाताने फिरवा. जोर लावू नका, चावी आत तुटली की मग चावीवालाच बोलवावा लागतो. नाही उघडलं तर परत सोडा, परत थांबा. आणि ही बाटली कोटाच्या खिशात ठेवा, शेडमध्ये किंवा गाडीत नाही, कारण लागते ती बाहेर अडकल्यावरच.

उघडल्यावर मुख्य काम, जे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही: ते कुलूप लगेच परत लावू नका. घरात आणून रात्रभर वाळू द्या, मग वंगण म्हणून ग्रॅफाइटची पूड घाला किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारा. ग्रॅफाइट घातलंत तर त्यावर तेल नको, चिखल होतो. लावताना चावीचं भोक खाली येईल असं लटकवा, आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा सोडा, पाणी वरून येतं ते त्यावरून ओघळून जातं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत दमट राहतं.

ताईला मी फोनवर हे सगळं सांगितलं, तिने ग्रुपवरचा मेसेज काढला, पण तो पुढे किती जणांकडे गेलाय देव जाणे, म्हणून इथे लिहितेय. भाच्याचं कुलूप आत्ता माझ्या किचनमध्ये हीटिंगच्या जाळीवर पडलंय, अजून हलवलं की आतून पाण्याचा थेंब येतोय. उद्या रात्री ग्रॅफाइट घालून त्याला नेऊन देईन, डीआयसरच्या दोन बाटल्यांसकट.