लेखक, मी आणि कुलर

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो मुंबईत. नागपुरात काढला असता, तर अंक दिवाळीत निघाला तरी मुलाखती मे महिन्यात घ्याव्या लागतात हे त्यांना कळलं असतं आणि मी सुटलो असतो. ४५ अंशांत डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून मी स्कूटरवर निर्मितीप्रक्रिया शोधत फिरतो.

यंदाचे लेखक प्रतापनगरचे. त्यांच्या नव्या कादंबरीची पन्नासच पानं वाचून गेलो होतो, हे इथे कबूल करतो. तिथे केलं नाही.

बैठकीत कुलर होता. पत्र्याचा, खिडकीएवढा, तीन बाजूंना घासाच्या ताट्या, पोटात पंप. पंख्याचं विमानात जायचं राहून गेलं असावं.

“सर, लिहायला सुरुवात कशी होते?”

“घर्रर्र,” कुलर म्हणाला. सरही बोलत होते, कारण हात हलत होते. मोबाईल त्यांच्या हनुवटीखाली धरला, तरी तेच. शेवटी भीत भीत कुलर बंद करायला सांगितला. तिसऱ्या मिनिटाला सर जाणिवेवरून पाण्याच्या तांब्यावर आले. कुलर पुन्हा सुरू.

तेवढ्यात एक वाक्य मात्र हाती लागलं: “मी लिहीत नाही हो, माझ्याकडून लिहिलं जातं.” झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांत मी एकट्यानं हे चारदा ऐकलंय, संघ १९२३ चा, त्यानं किती ऐकलं असेल! निर्मितीप्रक्रिया निघाली की लेखक कर्मणी प्रयोगात शिरतो. मानधन निघालं की शुद्ध कर्तरी: “प्रकाशक देत नाही.”

मग लाईन गेली. अशी शांतता, की ताट्यांतून टपटपणारं पाणीही ऐकू आलं. मी झडप घातली. “सर, लिहिण्याची वेळ?”

“पहाटे चार,” सर डोळे मिटून म्हणाले. “सगळं जग झोपलेलं असतं. आतून कुणीतरी हाक मारतं...”

“काय सांगून राहिले तुम्ही त्यांना?” काकू पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात उभ्या. “हाक मी मारते. चारला नळ येतो. टाकी भरता, कुलर भरता आणि मग जे झोपता ते नऊपर्यंत!”

सरांनी पन्हं घेतलं. मीही घेतलं. वेलची छान होती. दोघांपैकी कुणालाच पुढचा प्रश्न सुचेना.

तेवढ्यात लाईन आली. घर्रर्र. कुलरकडे इतक्या मायेनं पाहणारा माणूस मी नागपुरातही पाहिला नव्हता. पुढचा पाऊण तास सर अगदी मोकळेपणानं बोलले. रेकॉर्डिंगमध्ये त्यातला ‘अस्तित्व’ हा एक शब्द ओळखू येतो, तोही दोनदा. काकूंचा मात्र शब्दन् शब्द.