रॅम वाढवल्यावर गेम क्रॅश होतोय म्हणून व्होल्टेज १.५ करू नका रे बाबांनो

काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, बायोसमध्ये रॅमचं व्होल्टेज १.५ केलंय, सेव्ह करू का?" मी ओरडलोच, बायोस म्हणजे पीसीच्या अगदी मुळातल्या सेटिंग, आधी हात काढ तिथून. त्याने स्वतः जोडलेला पीसी, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्यात रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, आणखी दोन टाकल्या आणि तेव्हापासून गेम वीस मिनिटांत डेस्कटॉपवर. मग कॉलेजच्या ग्रुपवर तो फिरणारा "पाच रामबाण उपाय" मेसेज आला आणि पठ्ठ्या क्रमाने सुरू झाला.

उपाय एक, रॅमचे पिन खोडरबरने घासा. ठीक आहे, मान्य, जुन्या स्टिकवर काजळी धरलेली असेल तर फरक पडतो, पण अर्धं काम स्टिक काढून परत नीट बसवल्यानेच होतं. नवीकोरी स्टिक कशाला घासायची?

उपाय दोन, हेच ते १.५ व्होल्ट. हा आकडा डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमच्या जमान्यातला आहे, तिथे ते नॉर्मल व्होल्टेज होतं. भाच्याकडे आहे त्या डीडीआर४ चं नॉर्मल १.२, एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या जास्त स्पीडने पळवणारं बायोसमधलं सेटिंग) लावलं की बहुतेक किट १.३५ वर चालतात, आणि चिपच्या डेटाशीटमध्ये १.५ ही सहन होण्याची शेवटची हद्द म्हणून लिहिलेली असते. काही महागडे किट तेवढ्यावर विकतात, पण त्यांच्या चिपा निवडून घेतलेल्या असतात, तुझ्या सेलमधल्या स्टिकच्या नाही. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने दहा वर्षांपूर्वीचं कुठूनतरी उचललंय आणि खाली "१००% वर्किंग" ठोकलंय.

तीन, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) बंद करा कारण रॅम भरपूर आहे. उलटं आहे. गेम वापरतो त्याहून जास्त मेमरी राखून मागतो, विंडोज ती रॅम अधिक पेजफाइल मिळून देते, पेजफाइल काढली आणि मागणी बसली नाही की गेम मेला. चार, एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये मॅक्झिमम मेमरीला टिक. ती टिक मेमरी वाढवत नाही, वापरावर मर्यादा घालते. पुढे.

पाच सगळ्यात डोक्यात गेला: "एक्सएमपी कंपनीने पास केलेला स्पीड असतो, तरी क्रॅश झाला तर ग्राफिक्स कार्ड गेलं." अरे, एक्सएमपी काढणारी इंटेलच त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणते. आणि पास केलेलं असतं ते एका पाकिटातलं किट, दोन पाकिटं एकत्र करून कुणीच तपासलेली नसतात, नाव-नंबर सेम असला तरी. एएमडीच्या साइटवर ५६०० चं पान उघडून बघा, स्पष्ट लिहिलंय: दोन स्टिकना ३२०० स्पीड, चार सिंगल रँकना (स्टिकवर चिपांचा एकच गट; ड्युअल म्हणजे दोन) २९३३, चार ड्युअल रँकना २६६७. हा चारही ३६०० वर पळवत होता.

एक्सएमपीवर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावली, दुसऱ्या फेरीतच एररच्या लाल ओळी. स्पीड २९३३ केला, व्होल्टेज जिथल्या तिथे, रात्रभर चालू ठेवली, सकाळी शून्य एरर. आज दुपारी तीन तास खेळला, एकदाही बंद पडला नाही. ग्राफिक्स कार्ड विकायला जाहिरात टाकली होती साहेबांनी, ती आधी काढायला लावली. स्लॉटमध्ये खोडरबराचा भुगा मात्र अजून आहे, तो रविवारी ब्रशने काढायचाय.